मीठ, भाकरी आणि विहिरीचें पाणी

ज्वारीचें भरलेलें कणीस विस्तवांत टाकलें, तर त्यांतील पिठूळ भाग, प्रथिन, तेल हें सारें धूर होऊन निघून जातें आणि शेवटीं चिमूटभर राख तेवढी उरते. मनुष्यदेहाची गोष्ट याहून निराळी नाहीं. देहाच्या वजनापैकीं सुमारें शेंकडा चार इतकाच भाग या न जळणाऱ्या खनिज द्रव्यांचा असतो. त्यांत हाडांतील कॅल्शियम हा सर्वांत मोठा वांटेकरी. प्रौढ देहांत तें एक किलोग्रामच्या आसपास भरतें. लोखंड अवघें तीन-चार ग्राम, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याएवढें. आणि आयोडीन तर एका गुंजेच्या वजनाहूनही पुष्कळ कमी. परंतु या राखेची एक मोठी अडचण आहे. पिष्ट पदार्थ वनस्पति सूर्यप्रकाशांत तयार करतात, चरबी शरीर स्वतः बनवूं शकतें. खनिजाचा मात्र एकही कण देहाला निर्माण करतां येत नाहीं. तो जमिनींतून, पाण्यांतून किंवा बाजारांतूनच यावा लागतो. म्हणून कोणत्याही गांवाच्या आहाराचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्या गांवची जमीन, त्याच्या वाटा आणि त्यावर राज्य करणारें सरकार, या तिहींना सोडून तो लिहितां येत नाहीं.

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या सडकेवर नायगांव लागतें. गोदावरीच्या दक्षिणेचा हा मुलूख ज्वारी, तूर, करडई आणि कापूस यांचा. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलें तर एक मौजेची गोष्ट नजरेस येते : पश्चिमेचा समुद्र येथून सरळ रेषेंत सुमारें तीनशें मैल, आणि पूर्वेचा समुद्रही जवळ जवळ तितकाच. म्हणजे मिठाच्या दृष्टीनें दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी या प्रदेशाची स्थिति. भाकरी घरची, डाळ घरची, तेल गांवच्या घाण्याचें. पण मीठ नेहमींच परक्याचें.

तें येई बैलांच्या पाठीवरून. लमाण हें नांवच ‘लवण’ शब्दावरून आलें असावें असें मानतात. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें धान्य आणि मीठ वाहणारे दहा दहा, बारा बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें लिहून ठेवलें आहे; गहूं, तांदूळ, डाळी आणि मीठ अशी निरनिराळ्या जमातींत वांटणी असून एका जमातीकडे केवळ मिठाचीच वाहतूक असे, असेंही तो सांगतो. मराठवाड्यांत आज गांवोगांवीं जे तांडे वसलेले दिसतात, त्यांच्या पूर्वजांची ही लदेणी. किनाऱ्याकडून मिठाच्या गोणी घेऊन यावयाचें आणि परततांना धान्य भरावयाचें, असा हा फेरा होता. वाटेंत पाऊस लागला तर गोणींतील भांडवल विरघळून जाई. साहजिकच मीठ पठारावर पोंचेपर्यंत महाग होई, आणि महाग वस्तु जपून वापरावयाची ही शिस्त गृहिणीच्या हातीं बसे. खाल्ल्या मिठाला जागणें, मीठभाकर खाऊन राहणें, हे वाक्प्रचार किनाऱ्यावर जितके खरे वाटत नसतील तितके ते पठारावर खरे होते.

ज्या वस्तूवांचून कोणाचेंच चालत नाहीं, तिच्यावर राज्यकर्त्यांची दृष्टि न गेली तरच नवल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत लवणाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. सैंधव, सामुद्र, बिड, यवक्षार, सौवर्चल आणि उद्भेदज असे मिठाचे प्रकार तेथें सांगितले आहेत. परदेशाहून आलेल्या मिठाचा सहावा हिस्सा राजानें घ्यावा, भेसळ करणारास दंड करावा, असे नियम आहेत. परंतु त्याच प्रकरणांत श्रोत्रिय, तपस्वी आणि राबणारे मजूर यांनीं आपल्या जेवणापुरतें मीठ विनाशुल्क न्यावें अशीही मोकळीक ठेवली आहे. करआकारणीच्या बाबतींत कौटिल्यासारखा कठोर लेखक ही सवलत देतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मराठी राज्यांतील उदाहरण याहून जवळचें. १६७१ सालीं शिवाजीमहाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस मिठाविषयीं पत्र पाठविलें. पोर्तुगीजांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त, आणि संगमेश्वराकडचें मीठ त्या मानानें महाग. अशा स्थितींत व्यापारी बारदेशाकडे वळतील आणि स्वराज्यांतील मिठागरें बसतील, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्या पत्राचा आशय. स्वदेशी धंद्याला जकातीचें संरक्षण देण्याचा हा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीं वाखाणला आहे व तो योग्यच आहे. मात्र घाटावरच्या गिऱ्हाइकानें त्या जकातीचा भार सोसला असेल, ही त्याची दुसरी बाजू.

इंग्रजी अमलांत या गोष्टीला निराळेंच स्वरूप आलें. मीठ हें उत्पन्नाचें साधन ठरलें आणि तें साधन राखण्यासाठीं सिंधु नदीपासून महानदीपर्यंत जकातीची एक अखंड रेषा आंखण्यांत आली. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारें २३०० मैल असून तिच्यावर बारा हजारांच्या जवळपास माणसें पहारा करीत होतीं. बऱ्हाणपुराजवळून जाणाऱ्या या रेषेवर कित्येक शेंकडे मैल कांटेरी झुडपांचें कुंपण लावलेलें होतें. माणसाच्या ताटांतलें मीठ अडविण्यासाठीं जिवंत कुंपण वाढवावें, ही कल्पना आज हास्यास्पद वाटते. ज्यांना त्यापलीकडचें मीठ हवें होतें त्यांना ती हास्यास्पद वाटली नसेल. १८७९ सालीं ही रेषा मोडली, परंतु तीही दयेनें नव्हे. कर सर्वत्र सारखा करून तो मिठागरावरच वसूल करण्याची सोय झाली, तेव्हां कुंपणाचें प्रयोजन उरलें नाहीं.

या व्यवस्थेंत निजामाच्या प्रजेचें स्थान मोठें विचित्र होतें. नायगांवचा शेतकरी इंग्रजांचा प्रजाजन नव्हता. परंतु त्याच्या मिठावरचा कर उरण, पेण, भाईंदर किंवा खाराघोडा येथेंच भरला गेलेला असे आणि तो किंमतींत मिसळून त्याच्या दारीं येई. ज्या सरकारच्या दरबारांत त्याला दाद मागतां येत नव्हती, त्या सरकारला तो दररोज दोन वेळां कर देत होता. हा कर १८८८ सालीं मणाला अडीच रुपये झाला. १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपयावर उतरला. १९१६ मध्यें सव्वा रुपया, १९२३ मध्यें कायदेमंडळाचा विरोध डावलून पुन्हां अडीच, आणि पुढच्याच वर्षीं सव्वा. श्रीमंताला हे चढउतार जाणवत नसत. उन्हांत राबून घामावाटे मीठ गमावणाऱ्या मजुराला तें अधिक लागतें, आणि त्याच्या बैलांनाही लागतें. म्हणजे जो जितका राबे तितका त्याच्यावर हा कर अधिक. न्यायाच्या दृष्टीनें याहून उफराटा कर शोधून काढणें कठीण आहे.

१९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग नांदेडवरून सुरू झाला आणि मीठ आगगाडीनें येऊं लागलें. त्याबरोबर लमाणांची लदेणी संपली. शतकानुशतकें ज्यांच्यावांचून पठाराचें जेवण अळणी राहिलें असतें, त्यांच्यापैकीं पुष्कळांना मजुरी पत्करावी लागली. कांहीं प्रांतांत तर त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारण्यांत आला. मिठाच्या इतिहासांत सत्याग्रहाची हकीकत सर्वांस ठाऊक असते; ही हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं.

सत्याग्रहाची हकीकत थोडक्यांत पुरे. १९३० च्या ६ एप्रिलला दांडी येथें गांधीजींनीं कायदा मोडला, मे महिन्यांत शिरोड्याच्या मिठागरांवर महाराष्ट्रांतील स्वयंसेवकांनीं धडक दिली, मुंबईंत वडाळ्याच्या आगरांवर हजारो माणसें चालून गेलीं. १९३१ च्या मार्चमधील गांधी-आयर्विन करारानें मीठ होत असलेल्या भागांतील खेडुतांना स्वतःच्या उपयोगापुरतें मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. पण समुद्रापासून तीनशें मैलांवर असलेल्या गांवानें तें कोठून गोळा करावयाचें? त्या गांवापुरता प्रश्न सुटला तो १९४७ च्या १ एप्रिलला, जेव्हां मिठावरचा कर समूळ रद्द झाला तेव्हां.

यानंतर मीठ स्वस्त झालें, मुबलक झालें, आणि त्याची दुसरी बाजू पुढें आली. चरकानें पिंपळी, क्षार आणि लवण हीं तीन द्रव्यें अतिशय प्रमाणांत खाऊं नयेत असें बजावून ठेवलें आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला पांच ग्रामांहून कमी मीठ पुरें म्हणते, आणि आपल्याकडील लोणचीं-पापडांचें ताट ती मर्यादा सहज ओलांडतें. पापडाचा खारही खनिजच. वऱ्हाडांतील लोणारच्या सरोवरांतून निघणाऱ्या क्षारांचा धंदा फार जुना आहे. तेथील डोंगरांत कांच व साबण करण्याची द्रव्यें मिळतात आणि त्यांपासून सरकारास उत्पन्न येतें, याची नोंद अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरींतही आहे.

मिठाच्याच गोणींतून पुढें एक नवें द्रव्य घरोघर गेलें, तें म्हणजे आयोडीन. मनुष्याला त्याची दररोजची गरज एका ग्रामाच्या दहा हजार भागांपैकीं दीड भाग इतकी अल्प. पण ती भागली नाहीं तर गळ्यावर गांठ वाढते आणि गर्भांतील मुलाची बुद्धि खुंटते. पावसानें व पुरानें जमिनींतील आयोडीन धुवून नेल्यामुळें हा रोग होतो. समुद्राचें साधें मीठ खाल्लें म्हणजे आयोडीन मिळालें, ही समजूत अजून पुष्कळ सुशिक्षित घरांत आढळते. वस्तुतः मिठागरांत वाळविलेल्या मिठांत आयोडीन जवळ जवळ नसतेंच, तें मागाहून मिसळावें लागतें. कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी यांनीं १९५६ पासून केलेल्या प्रयोगांनीं अशा मिठाचा गुण निःसंशय सिद्ध केला. १९६२ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रथम तो हिमालयाच्या पट्ट्यापुरता होता, पुढें मैदानांतही रोग आढळला तेव्हां सर्व देशाला आयोडीनयुक्त मीठ पुरविण्याचें धोरण ठरलें. साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० सालीं उठविली गेली आणि २००६ सालीं पुन्हां अमलांत आली. या बंदीवर स्वातंत्र्याच्या नांवानें आक्षेप घेणारे सत्याग्रहाचा दाखला देतात. परंतु १९३० चा लढा गरिबाच्या ताटांतून मीठ काढून घेणाऱ्या कायद्याशीं होता, आणि हा कायदा त्याच ताटांत कांहींतरी घालतो, हा भेद विसरला जातो.

आतां भाकरीकडे वळावें. निरनिराळ्या धान्यांत खनिजें किती, याचा पद्धतशीर शोध या देशांत कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत सुरू झाला. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं १९१८ मध्यें आरंभिलेलें हें काम पुढें अ‍ॅक्रॉइड यांनीं वाढविलें आणि १९३७ सालीं हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यानंतर डॉ. वि. ना. पटवर्धन हे संचालक असतांना ही संस्था १९५८ च्या सुमारास हैदराबादेस आली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. या कोष्टकांवरून मराठवाड्याचें जेवण वाचतां येतें. शंभर ग्राम ज्वारींत सुमारें चार मिलिग्राम लोखंड, बाजरींत सहा ते आठ. कॅल्शियम ज्वारींत फारच थोडें, पंचवीस-तीस मिलिग्राम. पण तिळांत बाराशें ते चौदाशें. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या कांहीं भागांत वेळ अमावास्या साजरी होते. त्या दिवशीं शेतांत बाजरीचे उंडे, ओल्या दाण्यांची व पालेभाज्यांची भज्जी, तिळाच्या पोळ्या आणि मडक्यांतील आंबील असें जेवण असतें. कोष्टक हातांत घेऊन आहारतज्ज्ञ बसला असता तरी त्याला याहून चांगलें ताट आंखतां आलें नसतें. त्यांतही आंबिलीचें महत्त्व विशेष आहे. धान्यांत फायटेट नांवाचें द्रव्य असतें. तें लोखंडाला धरून ठेवतें व आंतड्यांत शोषूं देत नाहीं. आंबविण्याच्या क्रियेनें हें द्रव्य कमी होतें आणि लोखंड मोकळें होतें. अंबाडीची आंबट भाजी, ओल्या मिरचीचा ठेचा, लिंबाची फोड, यांचेंही कार्य थोडेंफार असेंच.

परंतु सण वर्षांतून एकदां येतो. रोजच्या ताटांत कोरडी भाकरी, पातळ वरण आणि त्यावर लगेच चहा असेल, तर कोष्टकांतील लोखंड कोष्टकांतच राहतें. चहांतील कषाय द्रव्य तें अडवितें. म्हणूनच भारतीय स्त्रीची लोखंडाची दैनिक गरज २०२० च्या शिफारशींत २९ मिलिग्राम इतकी मोठी धरली आहे. खाल्लेल्याचा अल्प अंशच अंगीं लागतो, हें त्यांत गृहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींना रक्तक्षय असल्याचें दिसून आलें. त्याआधींच्या, २०१५-१६ च्या पाहणींत हें प्रमाण शेंकडा ४८ होतें. घरांत शेवटीं जेवणारी, उरलेल्यावर भागविणारी व्यक्ति कोण, हें ज्याला ठाऊक आहे त्याला या आंकड्याचें अर्धें कारण निराळें सांगावयास नको.

नायगांवच्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यांत कोनासमुद्रम् नांवाचें खेडें आहे. दमास्कसच्या तरवारींसाठीं प्रसिद्ध असलेलें पोलाद तेथील भट्ट्यांत होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. व्हॉयझी यांनीं ती कृति पाहून वर्णन केली, तेव्हां इराणी व्यापारी तें नेण्यासाठीं तेथवर येत होते. ज्या मातीनें पश्चिम आशियाच्या योद्ध्यांना लोखंड पुरविलें, त्याच मातीवर राहणाऱ्या आयाबहिणींच्या रक्तांत तें पुरेसें नाहीं. जमिनींत असणें आणि अंगीं लागणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. गरोदर स्त्रीला माती खाण्याचे डोहाळे लागतात, ही गोष्ट तर कालिदासालाही ठाऊक होती. रघुवंशांत सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येतो. आजचे वैद्य हे डोहाळे पुष्कळदां लोखंडाच्या उणिवेचें चिन्ह समजतात. पण माती खाऊन ती उणीव भरत नाहीं, उलट जंतांची भर पडते.

मीठ दुरून येतें, लोखंड पिकांतून येतें. तिसरें खनिज मात्र न बोलावतां येतें, तें पायाखालच्या पाण्यांतून. नांदेड जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे, परंतु बिलोली-देगलूरच्या अंगाला तो संपतो आणि तेलंगणांत पसरलेला फार पुरातन ग्रॅनाइटचा खडक वर डोकावूं लागतो. या खडकांतील कांहीं खनिजांत फ्लोरीन असतें आणि खोल झिरपणारें पाणी तें फ्लोराईडच्या रूपानें विरघळवून घेतें. अल्प प्रमाणांत तें दातांना हितकर असतें. एका लिटरला एक मिलिग्राम ही भारतीय मानकाची मर्यादा; दुसरें पाणी नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावें असें तें मानक सांगतें. त्यापलीकडे गेलें कीं प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते मशेरीनें निघत नाहींत कीं राखेनें निघत नाहींत, कारण ते वर बसलेले नसून दातांतच घडलेले असतात. पुढें वर्षानुवर्षें तेंच पाणी पोटांत गेलें म्हणजे पाठीचा कणा ताठतो, सांधे आंखडतात आणि चाळिशीचा मनुष्य काठी टेकूं लागतो.

हा रोग या देशांत प्रथम ओळखला गेला तो १९३७ सालीं, मद्रास इलाख्यांतील नेल्लूर जिल्ह्यांत. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा संबंध विहिरीच्या पाण्याशीं जोडला. तोंवर त्याला वात म्हणत, पूर्वजन्मीचें पाप म्हणत, किंवा गांवचा वाराच तसा म्हणत. पुढें हैदराबादजवळचा नलगोंडा जिल्हा या रोगासाठीं कुप्रसिद्ध झाला. १९७३ सालीं हैदराबादच्या पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनीं तेथील तरुण मुलांत गुडघे आंत वळून पावलें दूर फांकण्याचा विकार फ्लोराईडमुळें होतो असें दाखविलें. त्यांत ज्वारीवर राहणाऱ्या कुटुंबांतील मुलें अधिक होतीं. पुढील संशोधनांत ज्वारींतील मॉलिब्डेनम आणि शरीरांतून निघून जाणारें तांबें यांच्याकडे बोट दाखविलें गेलें. एकाच ताटांतील पाणी आणि भाकरी, दोन्ही एरवीं निर्दोष, परस्परांशीं मिळून अपाय करतात, हा शोध ज्वारी खाणाऱ्या सर्वच मुलखाला विचार करावयास लावणारा होता. नांदेड जिल्ह्यांतही, विशेषतः किनवटच्या बाजूस, अशा पाण्याच्या विहिरी आढळल्या आहेत. एका विहिरीचें पाणी निर्दोष आणि हांकेच्या अंतरावरील कूपनलिकेचें सदोष, असेंही घडतें. खडकाच्या भेगा माणसाच्या शिवेशीं बांधलेल्या नसतात.

यांतील फसवी गोष्ट ही कीं, असें पाणी जिभेला कळत नाहीं. जड पाण्यांत डाळ शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं, म्हणून तें वाईट हें गृहिणी लागलीच ओळखते. फ्लोराईडचें पाणी बहुधा याच्या उलट, कॅल्शियम कमी असलेलें, मऊ असतें. डाळ त्यांत सहज शिजते. उथळ विहिरी आटल्यावर मराठवाड्यानें दुष्काळाच्या वर्षांत, विशेषतः १९७२ नंतर, खोल कूपनलिका खोदल्या. त्यांनीं लोकांचे जीव वांचविले, यांत शंका नाहीं. पण जितकें खोल जावें तितका पाण्याचा आणि खडकाचा सहवास दीर्घ, हें तेव्हां फार थोड्यांच्या ध्यानीं आलें.

यावर उपाय निघाला तो नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेंत, १९७० नंतरच्या दशकांत, आणि त्याला नांव मिळालें नलगोंडा पद्धति. त्यांतील साहित्य पाहिलें तर आजीच्या फडताळांतलेंच वाटावें : तुरटी आणि चुना. तळापासून थोड्या उंचीवर तोटी बसविलेल्या चाळीस लिटरच्या बादलींत पाणी भरावयाचें, प्रथम चुना व मग तुरटी, पाण्याच्या तपासणीवरून ठरेल त्या मात्रेनें टाकावयाची, जंतुनाशासाठीं किंचित् ब्लीचिंग पावडर, आणि दहा मिनिटें हळूहळू ढवळून तासभर निवळूं द्यावयाचें. पांढऱ्या चोथ्याबरोबर फ्लोराईड तळाशीं बसतें आणि वरचें पाणी तोटीनें काढून घेतां येतें. फ्लोराईड फार असेल तर तुरटी फार लागते व चव बिघडते. चोथा रोज कोठें टाकावयाचा हाही प्रश्न असतो. त्यामुळें जेथें नदीचें किंवा तलावाचें पाणी नळानें आलें, तेथें लोकांनीं बादली बाजूला ठेवली. जेथें नळ येतो पण पाणी चार दिवसांआड येतें, तेथें मधल्या दिवसांत बायका अजून जुन्याच कूपनलिकेकडे घागर घेऊन जातात.